सॅन होजेत नेटिव्ह झाडं कधी लावायची? मार्चची वाट बघू नका, दसरा झाला की लावा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला घर, पुढच्या अंगणातलं लॉन काढलं, एप्रिलमध्ये नर्सरीतून नेटिव्ह म्हणजे इथली मूळची झाडं, सीआनोथस, मँझनिटा, क्लीव्हलँड सेज आणि एक फ्लॅनेलबुश आणून लावलं, माती चिकण म्हणून खड्ड्यात भरपूर कंपोस्ट घातलं, ड्रिपने रोज दहा मिनिटं पाणी दिलं, आणि ऑगस्टपर्यंत सेज सोडून सगळं वाळलं. शेजारी म्हणतो नेटिव्हला पाणी लागतच नाही, नर्सरीवाला म्हणतो पाणी कमी पडलं. आणि आता तुम्ही विचारताय की पुढच्या मार्चमध्ये यापेक्षा चिवट कोणती झाडं लावावीत.

मी साउथ बेमध्ये, म्हणजे सॅन होजेच्या आसपासच्या भागात, बागा करून देण्याचं काम करते, बरीच वर्षं झाली, आणि हा प्रश्न मला दर सप्टेंबरात कोणी ना कोणी विचारतंच. माझं म्हणणं असं की झाडं तुम्ही चुकीची निवडली नव्हती (फ्लॅनेलबुश सोडून, त्याच्याबद्दल पुढे सांगते). वेळ चुकली, आणि वेळ चुकली की पाण्याचं गणित कसंही मांडलं तरी बसत नाही. त्यामुळे मार्चची वाट बघू नका. दसरा झाला की लावायला घ्या, नोव्हेंबर संपेपर्यंत बहुतेक काम उरकलेलं असू दे.

आपल्याला हे पचायला जड जातं कारण आपल्या डोक्यात पाऊस म्हणजे जून. मृग लागला, जमीन भिजली की झाडं लावायची, आणि ऊबही असते पाणीही असतं त्यामुळे झाड वरून आणि खालून एकदमच वाढतं. इथे उलटं आहे. इथला पाऊस थंडीत येतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च, जून ते सप्टेंबर जवळजवळ थेंब नाही. सॅन होजे तर सांताक्रूझच्या डोंगरांच्या पर्जन्यछायेत, वर्षाला सुमारे 15 इंच म्हणजे 380 मिलिमीटर, पुण्याच्या साधारण निम्मा. असं हवामान जगात पाचच भागांत आहे: भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचं केप, आणि ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य-दक्षिण किनारा. (पर्थ किंवा ॲडलेडहून कोणी वाचत असेल तर हेच सगळं तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये करायचं.) इथल्या मूळच्या झाडांनी आपलं वेळापत्रक त्या पावसाला बांधून घेतलंय. पहिला पाऊस पडला की मुळं कामाला लागतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं आणि पालवी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये झाड स्वतःला मिटून घेतं, काहींची तर पानंही गळतात. उन्हाळा ही त्यांची झोपायची वेळ आहे.

आता एप्रिलमध्ये लावलेल्या झाडाचं काय होतं बघा. नर्सरीत तेव्हा सीआनोथस निळ्या फुलांनी लगडलेलं असतं, कोणालाही मोह होईल, म्हणून विक्रीही तेव्हाच जोरात असते. पण त्या झाडाची सगळी ताकद वर लागलेली आहे आणि खाली मुळं किती, तर कुंडीएवढी. ते जमिनीत लावल्यावर तीन-चार आठवड्यांत पाऊस थांबतो, जून आला की अधूनमधून 35 डिग्री, आणि कुंडीएवढ्या मुळांनी त्या सगळ्या पानांना पाणी पुरवायचंय. पाणी दिलं नाही तर दोन दिवसांत मान टाकणार. रोज दिलं तर माती ओली आणि गरम, दोन्ही एकदम, आणि नेमकं तेच फायटॉप्थोराला हवं असतं. हा बुरशीसारखा एक जीव आहे, बऱ्याच बागांच्या मातीत असतोच आणि कधीकधी नर्सरीच्या कुंडीतूनही येतो, गरम ओल्या मातीत तो मुळं कुजवतो. मुळं कुजली की झाड पाणी ओढू शकत नाही, पानं लोंबतात, माणसाला वाटतं तहानलंय म्हणून अजून पाणी घातलं जातं, आणि मग एका आठवड्यात अख्खं झाड तपकिरी होतं, पानं मात्र फांदीला तशीच चिकटलेली. तुम्ही फोटोत दाखवलेला सीआनोथस अगदी असाच दिसतोय. म्हणजे तुमचा शेजारी आणि नर्सरीवाला दोघंही अर्धं बरोबर बोलतायत: पहिल्या वर्षी पाणी लागतंच, पण उन्हाळ्यात रोज दिलेलं पाणी मारतं. यातून सुटायचा एकच मार्ग, उन्हाळा येण्याआधी मुळं खोल गेलेली असली पाहिजेत, आणि त्यासाठी झाडाला एक अख्खा पावसाळा मिळायला हवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा थंड झालेली असते पण मातीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. वर पानं फारशी वाढत नाहीत, पाणी कमी उडतं, आणि खाली मुळं सुटतात. पाऊस आला की ओल खाली खाली जाते आणि मुळं तिच्या मागे जातात. मेपर्यंत झाडाला सहा-सात महिने मिळालेले असतात. तुम्हाला वर काही दिसणार नाही बरं का. डिसेंबर-जानेवारीत लोकांचे मला मेसेज येतात की ताई झाड आहे तसंच आहे, मेलं की काय. नाही मेलं. थांबा. फेब्रुवारीत कोंब दिसायला लागतील.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते, कारण बे एरिया, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीचा हा भाग, म्हणजे एक हवामान नाही. पॅसिफिका किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिमेकडे उन्हाळाभर धुकं असतं, तिथे फेब्रुवारीत लावलेलंही बऱ्याचदा निभावतं. समुद्रापासून आत, लिव्हरमोर, वॉलनट क्रीककडे पारा 40 च्या वर जातो, तिथे मी डिसेंबरनंतर मोठी झुडपं लावायचं टाळते. तुमचं सॅन होजे या दोन्हींच्या मधे येतं. दुसरं म्हणजे ऑक्टोबरातसुद्धा इथे कधीकधी उष्णतेची लाट येते, तेव्हा कॅलेंडर बघून नाही तर पुढच्या दहा दिवसांचा अंदाज बघून लावा. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, तुमचं लॉन कसलं होतं?

फोटो मोठा करून बघितला तर कडेला जे फुटवे दिसतायत ते मला बर्म्युडा ग्रास वाटतंय. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा तीच. गावाकडे शेतकरी हरळीने किती वैतागलेला असतो ते आठवा, इथेही ती तशीच आहे, कांड्या खोल जातात आणि एक पेर राहिलं तरी परत उठते. फेस्क्यू नावाच्या गवताचं लॉन असेल तर वर पुठ्ठा अंथरून त्यावर लाकडाचे चिप्स टाकले की काही महिन्यांत ते कुजून जातं, पण हरळी पुठ्ठ्याच्या फटीतून वर येते आणि मग ती तुमच्या मँझनिटाच्या बुडातून निघते, जिथून ती उपटताच येत नाही. हरळीवर उन्हाळ्यातच काम करावं लागतं, ती वाढत असताना. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे उन्हात तापू द्यायचं, त्याने वरच्या थरातली बरीचशी मरते, उरलेली खणून काढायची. या वर्षी ती वेळ गेलीय. म्हणून तुमच्या जागी मी काय करेन, तर अंगणाचे दोन भाग करेन. घराच्या भिंतीलगत जिथे हरळी दिसत नाही तिथे या ऑक्टोबरात लावेन, आणि रस्त्याकडचा हरळीचा पट्टा पुढच्या उन्हाळ्यात तापवून पुढच्या दसऱ्याला लावेन. एक वर्ष थांबायचं जिवावर येतं, मला कळतं, पण हरळीत लावलेल्या बागेत नंतर किती वर्षं वाकून बसावं लागतं ते मी बघितलंय.

आणि मागचं लॉन अजून काढलेलं नाही म्हणालात ना, मग ते काढण्याआधी व्हॅली वॉटरच्या (इथली पाणीपुरवठ्याची सरकारी संस्था) लॉन बदलण्याच्या रिबेटला अर्ज करा. मंजुरी यायच्या आधी लॉन उपटलं तर पैसे मिळत नाहीत.

आता माती. साउथ बेची चिकणमाती, वाळली की वीट आणि भिजली की चिखल, दोन्ही अवस्थेत तिला हात लावायचा नाही. कोरडीत पहार मोडते, आणि ओलीत खणलं तर फावड्याने खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, मुळं त्यातून बाहेर जात नाहीत, आतच गोल फिरतात. लावायच्या आठवडाभर आधी जागा खोलवर भिजवा आणि वाफसा आला की खणा, म्हणजे मूठभर माती दाबली तर गोळा होते पण बोटाने टोचलं की फुटते. पाण्याची चाचणीही तेव्हाच करून घ्या, फूटभर खोल खड्डा पाण्याने भरायचा, जिरला की परत भरायचा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच उभं असेल तर सपाटीवर सीआनोथस-मँझनिटा लावू नका, फूट-दीड फूट उंचीचे पसरट उंचवटे करा आणि त्यावर लावा. फ्लॅनेलबुशला अगदी निचऱ्याची, डोंगरउताराची जमीन लागते, उन्हाळ्यात पाणी अजिबात खपत नाही. तुमच्या अंगणात त्याचा नाद सोडा.

कंपोस्ट घालू नका. खतही नाही. आपल्याला वाटतं चांगलंचुंगलं खाऊ घातलं की झाड बाळसं धरेल, पण ही झाडं गरीब जमिनीतली आहेत. वरून चिकणमातीत कंपोस्टचा खड्डा म्हणजे पाणी साठायची जागा होते, आणि कंपोस्ट कुजून बसलं की झाडही खाली बसतं, बुडाभोवती माती येते, आणि बूड ओलं राहिलं की संपलं. जी माती काढली तीच परत भरायची.

लावायच्या कृतीकडे नीट लक्ष द्या, कारण इथेच बहुतेक झाडं जगतात किंवा मरतात. एक गॅलनच्या कुंडीतली रोपं घ्या, पाच गॅलनची नाही. पैसे वाचतात ते आहेच, पण लहान रोपाची वर-खालीची तोंडमिळवणी लवकर होते आणि दोन-तीन वर्षांत ते मोठ्याला गाठतं. ऑक्टोबरात नर्सरीत रोपं उन्हाळा काढून आलेली असतात, वाळकी, काटकुळी, बकव्हीटची फुलं तर गंजलेल्या तारेच्या रंगाची. रूपाकडे बघू नका. विचारून हळूच कुंडीतून रोप सरकवा आणि मुळं बघा: पांढरी टोकं दिसली पाहिजेत, तळाशी दोरखंडासारखी गोल गुंडाळलेली नसावीत. सेज, डीअरग्रासची मुळं थोडी मोकळी केली तरी चालतात, पण सीआनोथस आणि मँझनिटाला मुळांशी खेळलेलं आवडत नाही, म्हणून ती मुळात न गुंडाळलेलीच निवडायची. आणि लावताना त्यांची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू देऊ नका.

आदल्या दिवशी कुंडी चांगली भिजवा. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद पण खोली कुंडीपेक्षा बोटभर कमीच, म्हणजे हुंडीचा वरचा भाग जमिनीच्या थोडा वर राहील. खड्डा पाण्याने भरून जिरू द्या, मग रोप ठेवा, तीच माती ढेकळं फोडून भरा, पायाने तुडवू नका. भोवती आळं करा आणि लगेच इतकं पाणी द्या की माती खाली बसून पोकळ्या भरतील. मग तीन इंच लाकडाचे चिप्स, बुंध्यापासून वीतभर लांब. झाडं तोडणाऱ्या कंपन्या असे चिप्स बऱ्याचदा फुकट टाकून जातात. एखादा कोपरा मात्र उघडा ठेवा, इथल्या बऱ्याचशा स्थानिक मधमाश्या जमिनीत घर करतात, त्यांना उघडी माती लागते. गोफर (बिळं करून राहणारे उंदरासारखे प्राणी) असतील तर हुंडीभोवती तारेची टोपली घाला, एका रात्रीत अख्खं मूळ खाऊन जातात.

यानंतरची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. नर्सरीतली हुंडी असते सालीच्या भुशाची आणि परलाइटची (हलके पांढरे खडे), ती भराभर सुकते. भोवतालची चिकणमाती आठवडाभर ओली असते. तुम्ही शेजारच्या मातीत बोट घालता, ओलं लागतं, निश्चिंत होता, आणि हुंडी आत खडखडीत कोरडी पडलेली असते. म्हणून पहिले सहा-आठ आठवडे बोट घालायचं ते बुंध्याशेजारी, हुंडीतच, दोन पेरं आत. कोरडं लागलं तर पाणी थेट तिथे. पाऊस पडला तरी बघा, हलक्या सरीत चिप्सच्या खाली फारसं काही उतरत नाही. आणि जानेवारीत इथे बरेचदा दोन-तीन आठवडे लख्ख कोरडे जातात, तेव्हा लोकांना वाटतं हिवाळा आहे कशाला पाणी, पण तेव्हा एक-दोनदा भरपूर पाणी दिलंच पाहिजे, कारण नेमकी तेव्हाच मुळं जोरात चाललेली असतात. उलट मुसळधार पाऊस लागला आणि आळ्यात पाणी तुंबायला लागलं तर आळं एका बाजूने फोडून टाका.

मग पहिला उन्हाळा. मेपासून आठवड्या-दहा दिवसांनी एकदा, खोल, होज सावकाश सोडून, आणि बुंध्यापाशी नाही तर फूटभर लांब, कारण मुळं आता तिथे गेली आहेत. पहाटे द्या किंवा लाट ओसरल्यावर गार दिवशी. भर दुपारी 38 डिग्रीला झाड सुकलेलं दिसलं म्हणून पाणी घालायला धावू नका, संध्याकाळी बघा, ताठ झालेलं असेल तर ते ठीक आहे. रोजचं दहा मिनिटांचं ड्रिप बंद करा, त्याने वरचे दोन-तीन इंच कायम ओले आणि खाली कोरडं, मुळं वरच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. तिसऱ्यापासून सीआनोथस-मँझनिटाला बहुधा काहीच नाही, कॅलिफोर्निया फ्युशिया, यॅरो यांना अधूनमधून. हे आकडे तुमच्यासारख्या चिकणमातीचे, वाळूसर जमीन असेल तर पाणी जास्त वेळा लागेल.

कढीपत्ता आणि मोगरा ठेवायचाय म्हणालात, जरूर ठेवा, पण त्यांना उन्हाळाभर पाणी लागतं म्हणून ते स्वयंपाकघराच्या दाराशी, वेगळ्या व्हॉल्व्हवर. नेटिव्हच्या पट्ट्यात एकही नको. आणि कोपऱ्यातला जो मोठा कोस्ट लाइव्ह ओक आहे त्याच्याखाली उन्हाळ्यात पाणी देऊच नका, त्याचीही मुळं कुजतात. तिथे छोटी छोटी रोपं या पावसाळ्यात लावा, हमिंगबर्ड सेज, डग्लस आयरिस, कॉफीबेरी. मुळं तोडत मोठे खड्डे करू नका.

उरलेल्या जागेसाठी मी हे निवडेन. मागे टोयॉन, तो चिकणमातीत मस्त येतो आणि डिसेंबरात लाल फळांवर पक्षी येतात. मँझनिटात 'हॉवर्ड मॅकमिन', सीआनोथसमध्ये 'कॉन्चा', दोन्ही बागेतल्या मातीला त्यातल्या त्यात सोसणारी. मधे डीअरग्रास, कॅलिफोर्निया बकव्हीट, आणि जगलेला सेज आहेच, त्याला हलवू नका. पुढे यॅरो. पूर्ण वाढलेल्या आकाराएवढं अंतर ठेवा, कॉन्चा सहा-आठ फूट पसरतो. पहिली दोन वर्षं अंगण उघडंबोडकं दिसेल, त्या फटीत नोव्हेंबरात पहिल्या पावसाच्या आधी पॉपीचं बी फेका, उघड्या मातीवर, चिप्सवर नाही. पॉपीची रोपं आणू नका, तिचं सोटमूळ हलवलेलं तिला चालत नाही. कॅलस्केप नावाची साइट आहे, कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लांट सोसायटीची, तिथे आपला पत्ता टाकला की त्या जागेची मूळची झाडं कोणती ते दाखवते, ती बघा. याच सोसायटीच्या स्थानिक शाखांची रोपविक्री साधारण ऑक्टोबरात असते, आणि तिथे उभे असलेले लोक माहीतगार असतात.

शेवटचा प्रश्न, मेलेली झाडं काढून त्याच खड्ड्यात नवीन लावू का. फांदीची साल नखाने खरवडा, बुडापर्यंत कुठेही हिरवं नसेल तर काढा, पण मुळांसकट, आणि ती कंपोस्टमध्ये टाकू नका. मुळं काळपट मऊ असतील, साल हाताने सुटत असेल, तर कूजच झालीय, आणि त्या खड्ड्यात परत सीआनोथस किंवा मँझनिटा नको, तिथे डीअरग्रास किंवा यॅरो लावा आणि नवीन सीआनोथस पाच-सहा फूट लांब, उंचवट्यावर. उपटल्यावर मुळांचा फोटो इथे टाका, आणि कडेच्या त्या गवताचाही जवळून एक टाका, कांडी दिसेल असा, म्हणजे हरळीच आहे का ते नक्की सांगता येईल.